सिनेमातून उठायचं कोणी

आई, बाबा,

साऱ्या टोंगात बहिणीचा मान भावापेक्षा मोठा, मग आपल्या घरात सिनेमातून उठून स्वयंपाकघरात मीच का जायचं? हे तुम्हाला विचारायची माझी हिंमत नाही, अशी माझी मैत्रीण लुपे आणि शाळेतल्या पोरींनी पैज लावलीय. म्हणून विचारलं.

भाऊ-बहिणींनी एका खोलीत बसून सिनेमा बघू नये, हे मला पटतं. पडद्यावर कोणी कोणाचा मुका घेत असताना शेजारी तेवितादादा मलाही नको. पण काल नायिकेची होडी बुडायला लागली, एवढ्यात तो, सेमिसी आणि बाकीचे चुलतभाऊ आले आणि बाबा म्हणाले, "वाई, ऊठ गं, पोरं दमून आलीत." कशानं दमली? ईस्टरची सुट्टी लागल्यापासून नुसती लोळतायत.

आज सकाळी खोली झाडली. माझ्या उशीखाली कोंबडीची चोखलेली हाडं, मी विणलेल्या चटईवर तेल, आणि चहाच्या कपात सेमिसीनं कापलेली पायाची नखं. शी. कप मी धुतलेला नाही, तो त्यानंच धुवायचा. होडीचं पुढे काय झालं, हे विचारलं तर एकालाही आठवत नाही.

आज मी चर्चमधून थेट आत्याकडे जाईन. तिला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उठायचं भावानं. तुझ्या बापाला विचार, मी खोलीत आले की तो कसा उठायचा."

उद्या तिला घेऊन येते. आम्ही दोघी चटईच्या मधोमध बसणार, आणि सिनेमा संपेपर्यंत मी उठणार नाही.

वाइमोआना