सगळ्यांचा जन्म एक जूनला

कल्लहोळे, २१ जुलै २००४

चि. वैदेही हिस प्राणेशमामाचे अ. आ.

तू वकील झाल्यापासून माझ्या पत्रांतून तंटेच येतात, अशी तुझ्या आईची तक्रार आहे. हेही त्यातलंच.

निंगव्वाचा फकीरप्पा आठवतो ना? सुट्टीत तुला चिंचा पाडून द्यायचा आणि मी ओरडलो की उरलेल्या माझ्याच खिशात टाकायचा, तो. त्यानं आणि गौडांच्या शिवनगौडानं मिळून विहिरीवरच्या पंपाची तांब्याची तार चोरली. चोरली हे खरं आहे, मी वकिली करत नाही. अकरा तारखेला दोघांना एकाच जीपमधून नेलं.

शिवनगौडा सतरा वर्षांचा. दवाखान्यात जन्मला, दाखला पेटीत तयार. तो बाल न्याय मंडळापुढे गेला आणि पाचव्या दिवशी घरच्या कट्ट्यावर बसून चुरमुऱ्यांचं गिरमिट खात होता. फकीरप्पा त्याच्याहून लहान, पण खळ्यात जन्मला. शाळेच्या दाखल्यावर एक जून १९८६ आहे, म्हणजे अठरा पूर्ण. तो मोठ्यांच्या तुरुंगात, चाळीस जणांच्या बराकीत आहे. एका तारेला दोन कायदे, हा न्याय मी कुठल्याही शास्त्रात वाचला नाही. हवालदाराला तसं म्हटलं, तर तो म्हणाला, मास्तर, कागद बोलतो तेच आम्ही ऐकतो.

काहीतरी कर. निंगव्वा दारातून हलत नाही.

तुझा,
प्राणेशमामा

धारवाड, ३० जुलै २००४

ती. प्राणेशमामांस शि. सा. नमस्कार.

शाळेच्या रजिस्टराची नक्कल मिळवली. पान उघडलं तर त्रेपन्न मुलं, आणि सगळी एक जूनला जन्मलेली. गांधारीनंतर असा योग कल्लहोळ्यातच आला म्हणायचा! आमचे कारकून हसून हसून खोकले. मला हसू आलं नाही, कारण अक्षर ओळखीचं निघालं. त्याच अक्षरात मला दर महिन्याला आशीर्वाद येतात.

आता कायदा ऐका. जन्माचा दुसरा कागद नसेल तर कोर्ट शाळेचं रजिस्टर मानतं. आईचं सांगणं तिथं टिकत नाही. नोंद खोटी आहे असं ती लिहिणाऱ्यानंच शपथेवर सांगितलं, तर न्यायाधीश हाडांच्या तपासणीचा हुकूम देऊ शकतील. लिहिणाऱ्याचं पुढं काय होईल, तेही त्यानं आधी समजून घ्यावं. डिसेंबरात त्याची निवृत्ती आहे, हे त्याच्या भाचीला माहीत आहे.

मी आग्रह करत नाही. मात्र काल फकीरप्पाला भेटले. त्याचा ओठ फुटला होता. पडलो म्हणाला.

पत्राची वाट पाहते. रागावलात तरी लिहा.

आपली,
वैदेही

कल्लहोळे, ६ ऑगस्ट २००४

चि. वैदेही हिस अ. आ.

रागावलो, पण स्वतःवर. भाचीला कायदा शिकवला की ती पहिला आरोपी घरातच शोधते.

नोंद माझीच. पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात. फकीरप्पा तेव्हा साडेचारचा. निंगव्वा गौडांच्या शेतात खुरपायला जायची. पोर बांधावर ठेवलं तर विंचू, शाळेत ठेवलं तर मी. ती म्हणाली, सर, याला वाढवून घ्या. मी वाढवून घेतला. शाळा जूनला उघडते म्हणून एक जून. सगळे मास्तर असंच करतात आणि त्याला उपकार म्हणतात. त्या उपकाराच्या दीड वर्षानं पोराला बराकीत नेऊन बसवलं.

खरी तिथी माझ्याकडेच आहे, हे सर्वांत लाजिरवाणं. निंगव्वा बाळाच्या नावाचं अक्षर विचारायला आली, तेव्हा मी प्रभव संवत्सराच्या पंचांगात कार्तिक पौर्णिमेशेजारी लिहून ठेवलं होतं: निंगव्वेस पुत्र. म्हणजे नोव्हेंबर १९८७. देवाच्या दप्तरात खरं लिहिलं, सरकारच्या दप्तरात खोटं.

हेडमास्तर म्हणाले, कट्टी मास्तर, गप्प बसा, चार महिने राहिलेत, पेन्शन घालवाल. मी म्हटलं, पोराचे दिवस तुरुंगात जाताहेत त्याचं काय? तर म्हणाले, तुम्ही काय त्याचे बाप आहात? मी म्हटलं, वय तर मीच दिलंय.

तारीख कळव. पंचांग घेऊन येतो.

तुझा मामा

धारवाड, १८ सप्टेंबर २००४

ती. मामांस शि. सा. न.

साक्ष झाल्यावर तुम्ही बस पकडायला पळालात आणि खरी मजा चुकवलीत. सरकारी वकिलांनी विचारलं होतं, सरकारी दप्तरात खोटं लिहिलंत? त्यावर तुम्ही, वर्गात खरं शिकवलं, दप्तरात खोटं लिहिलं, पगार दोन्हींचा घेतला, असं सांगितलंत. तुम्ही गेल्यावर ते मला म्हणाले, तुमचे मामा स्वतःलाच शिक्षा मागायला आले होते काय?

हाडांच्या तपासणीत सोळा ते सतरा वय निघालं. काल फकीरप्पाला बालगृहात हलवलं. अडुसष्ट दिवस लागले. शिवनगौडाला पाच लागले होते.

तुमच्या उत्तराची नक्कल मात्र शिक्षण खात्याकडे गेली आहे. जपा.

आपली,
वैदेही

कल्लहोळे, २ ऑक्टोबर २००४

चि. वैदेही हिस अ. आ.

जपायला उशीर झाला. मी निलंबित आहे. चौकशीला आलेले साहेब तीन तास रजिस्टरं चाळत होते. चहा देताना मी सहज त्यांची जन्मतारीख विचारली. त्यांनी कप खाली ठेवला. एक जून. त्यांच्याही मास्तरांनी उपकार केला होता. तरीही आरोपपत्रावर सही करून गेले.

काल बालगृहात फकीरप्पाला भेटलो. व्हरांड्यात माझ्या चपलांचा आवाज झाला, तसा तो उकिडवा बसला आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. माझ्या मागं दुसरं कोणीच नव्हतं. दहा वर्षांत मला त्याच्याकडून सतराचा पाढा करून घेता आला नाही. तुरुंगानं अडुसष्ट दिवसांत हे शिकवलं.

मी त्याला उठवलं, चिंचा दिल्या. त्यानं विचारलं, सर, मी खरा किती वर्षांचा? म्हटलं, सोळा पूर्ण, कार्तिक पौर्णिमेला सतरा. बोटं मोजून तो म्हणाला, मग बराकीत होतो तेव्हा किती होतो?

याचं उत्तर तुझ्या कोर्टात कोणाला येत असेल तर विचारून कळव.

मामा आता बिनपगारी आहे, तरी माया चालू ठेव.

तुझा,
प्राणेशमामा