टिटवीनं गप्प बसायचं

३ तारीख, सोमवार

मला टिटवी केलं कारटीनं. म्हणजे फोनमध्ये. कारटी म्हणजे माझी नात, ठमी — संशोधन करते. कशावर, ते आजवर तीनदा समजावलं तिनं आणि तिन्ही वेळा माझं दूध उतू गेलं. आज गॅस बंद करून ऐकलं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

तर शहरं आता फोनमध्ये जाऊन बसलीत, म्हणते. शेजाऱ्याचं तोंड माहीत नाही, पण फोनवर माणसांचा बाजार. अशा शहरात एकाला ठाऊक असलेलं दुसऱ्याला कळतं कसं, हे तिला बघायचंय. म्हणून तिनं आपल्या वस्तीपुरता एक फळा केलाय फोनमध्ये. अडलेल्यानं बोलून विचारायचं, ठाऊक असेल त्यानं बोलून सांगायचं. फोनवर लिहायची कटकट नाही — माझी सोयच झाली. नावं मात्र झाकलेली. प्रत्येकाला एकेक पाखरू.

"मला मैना तरी करायचीस गं!"

"मी नाही केलं आजी, फोननं आपोआप दिलं. पण फोनला माणसं कळतात हं."

सूनबाई हसता हसता खालीच बसली.

७ तारीख

काय वाट्टेल ते विचारतात लोक. पितळेवरचे डाग, कुरकुरणारं दार, शिवणयंत्रात सारखा तुटणारा दोरा. मी सांगत सुटते. आज कुणी कावळा म्हणाला, "टिटवीताई, जमलं बरं का." दिवसभर तरंगतच होते. मी दुसरी शिकलेली बाई, मला कोण कशाला काय विचारतंय? आमच्या ह्यांनी जन्मभर मला एकच प्रश्न विचारला — टॉवेल कुठाय?

१२ तारीख

ठमीचं तोंड एवढंसं झालेलं. काय झालं म्हटलं, तर फोनच पुढे केला. फळ्यावरची निम्म्याहून जास्त उत्तरं टिटवीची. आणि थोडे प्रश्नही टिटवीचेच. आता कुणी काही विचारेनासं झालं की मीच विचारायचे आणि मीच सांगायचे. दुकान ओस दिसू नये म्हणून ओळखीचं गिऱ्हाईक बसवून ठेवतात, तसं. मला वाटलं पोरीला मदत होतेय.

तिचे सर म्हणाले म्हणे, "हे शहराचं संशोधन आहे की तुमच्या आजीचं?"

आता सगळं पहिल्यापासून. घरच्या कुणी फळ्यावर बोलायचं नाही, ठमीनंसुद्धा नाही. आता कुणी मध्ये तोंड घातलं तर तिचं वर्ष गेलं. रागावली नाही, उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवला. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"पंधरा दिवस, आजी. नुसतं ऐकायचं."

"तोंड शिवून घेते."

"दोरा मी आणते," सूनबाई म्हणाली. ही संधी ती बरी सोडेल!

१४ तारीख

गप्प.

१५ तारीख

गप्प. चिमणीनं कुणाला तरी लोकरीचा स्वेटर उकळत्या पाण्यात घालायला सांगितलं. उकळत्या! मी उठून गॅलरीत गेले, कठडा धरून उभी राहिले. संध्याकाळी बुलबुलानं तिला आवरलं — देव भलं करो त्याचं. ठमी नाचत आली. "बघितलंस? बोलतात लोक, आपापसात बोलतात." ती हसली की तिच्या गालाला खळी पडते, लहानपणीसारखी. महिन्यानं दिसली आज.

१८ तारीख

नवीन पाखरू — सुगरण. आवाज अगदी बारीक. "माझं बाळ महिन्याचं आहे. संध्याकाळ झाली की रडतं ते थांबतच नाही. डॉक्टर म्हणाले ठणठणीत आहे. मग माझंच काही चुकतंय का?" मागे बाळाचं टाहो फोडणं ऐकू येत होतं. त्या दोघांखेरीज घरात तिसरा आवाज नाही.

कावळा बोलेना, बुलबुल बोलेना.

१९ तारीख

आज सुगरण एवढंच म्हणाली, "कुणी ऐकतंय का?"

अगं ऐकतेय ना बाई! हिला काही औषध नकोय. ह्याला उत्तर द्यायचं नसतं, मांडी द्यायची असते. जवळ बसायचं, बाळ आपल्याकडे घ्यायचं, तिला म्हणायचं जा, तोंड धुऊन ये.

ठमीला म्हटलं, "पत्ता ठाऊक असेल तुला."

"आहे. पण सगळ्यांना शब्द दिलाय, आजी, कुणाचा पत्ता कुणाला सांगणार नाही म्हणून."

एका पारड्यात ते तान्हं, दुसऱ्यात माझं — ठमी. फोन हातात घेतला, खाली ठेवला. पुन्हा घेतला. ठेवला.

ठमीही जेवली नाही नीट.

२० तारीख

सकाळी फळा उघडला तर ओळखीचा आवाज. पाखरू नाही — सरळ स्वतःचं नाव सांगून. "सुगरण, हा फळा मी चालवते. तुझं काही चुकत नाहीये. माझी आजी तुझ्याकडे येईल. चालत असेल तर नुसतं हो म्हण."

मला विचारलंसुद्धा नव्हतं! बाहेर येऊन बघते तर ठमी चपला घालतेय.

"अगं, तुझं वर्ष?"

"सरांना सांगेन मी. चल आजी, ती हो म्हणालीय, दार उघडं ठेवलंय."