लाल पेन्सिलीची रेघ

१२ सप्टेंबर, येलहंका. संध्याकाळ.

जिंकलो. हे आधी लिहितो, मग चहा.

शॉर्टसर्किटने स्वयंपाकघर जळालं, तेव्हापासून महिनाभर शेगडी हॉलमध्ये आहे. आज विमा कंपनीचा सर्व्हेअर आला आणि पुन्हा तेच म्हणाला, "सर, जुनं वायरिंग होतं, तेवढ्याचेच पैसे मिळतील." पण आताच्या नियमाप्रमाणे नवं अर्थिंग केल्याशिवाय वीजवाले कनेक्शन जोडत नाहीत. मग तो वाढीव खर्च कोणी करायचा, मी?

मी पॉलिसी पुढे सरकवली. कारखान्यात जन्मभर ड्रॉइंगं तपासली, त्यामुळे कुठलाही कागद मी लाल पेन्सिल घेऊनच वाचतो. अकराव्या पानावर माझी रेघ होती: दुरुस्तीत सरकारी नियमांमुळे वाढणारा खर्चही कंपनी देईल. त्याने दोनदा वाचलं. "सरी सर," असा कानडीत होकार दिला आणि रिपोर्टमध्ये लिहून घेतलं.

लग्नपत्रिकासुद्धा लाल पेन्सिलीने तपासतो म्हणून सुधा, माझी बायको, मला कायम हसते. आज म्हणाली, "अहो, यंदा नवरात्रात आयुधपूजेला पाना-पक्कडीशेजारी ती पेन्सिलही ठेवा."

ती रेघ मीच विसरलो होतो, आज सकाळी फाइल चाळताना अचानक दिसली, हे तिला सांगावं का? नको. पूजा होऊन जाऊ दे.