चारचा फोन तुम्ही घ्या

अहो,

मी ताईकडे जातेय, सातपर्यंत येईन. चहा थर्मासमध्ये आहे. माझा फोन टेबलावर विसरलेला नाही, मुद्दाम ठेवलाय. चार वाजता लेकीचा येईल. तिथल्या दवाखान्यात तिला आठवड्यातून एकदाच अर्धा तास मोकळा मिळतो, तेव्हा तो वाजत ठेवून बाल्कनीत जाऊन बसू नका.

फुकट राबायला परदेशी कशाला, असं तुम्ही म्हणालात आणि ती तरीही गेली, त्याला सात महिने झाले. दर वेळी ती विचारायची, "बाबा कुठेत?" मी सांगायचे, आंघोळीला गेलेत. एकदा म्हणाली, "आई, एव्हाना विरघळले असतील ते." मीही हसले. पण फोन ठेवला की घर खायला उठतं. तुम्ही पलीकडच्या खोलीत पेपर धरून बसलेले, आणि तिला ताप येऊन गेला हे मी सांगायचं कुणाला?

काही सुचलं नाही तर जेवलीस का, एवढंच विचारा. पण उचला. गेल्या रविवारी तिनं तुमचं नावच काढलं नाही.