मी पडलो नाही, म्हणून पाय मोडला

शिवाजी पेठ, कोल्हापूर
माघ वद्य पंचमी, शके १८७५

तीर्थस्वरूप सौ. अक्काच्या पायांशी, एका पायावर उभा असलेला तुझा धाकटा भाऊ आकाराम याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग नमस्कारात पोट जमिनीला लागतं, पाठ लागत नाही, म्हणून तो मला अजून चालतो.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींच्या भट्टीच्या धुराने त्यांना खोकला लागला होता, तो गेला का? पैंजणांना यंदा लग्नसराईत उठाव आहे असं इकडच्या सराफ कट्ट्यावर ऐकलं, ऐकून बरं वाटलं. आम्ही सर्व खुशाल आहोत. सर्व म्हणजे लीला, मुलं, म्हैस आणि माझा डावा पाय.

तुझं पत्र आणि लसणीची चटणी हुपरीच्या मोटारीने एकदमच पोचली. दोन्हींत चटणी सौम्य होती. पत्र तुझ्या लेकीच्या, सुमनच्या अक्षरात असलं तरी सांगणारी तू आहेस हे पहिल्याच ओळीत कळलं. 'आभाळातनं पडलास म्हणं. आता उडी सोडत न्हाईस तवर मला त्वांड दाखवू नगंस.' आणि खाली, 'दुसऱ्या पायात दाजींच्याकडनं दोन शेराचा तोडा घालून घेते, म्हंजे जमिनीवर ऱ्हाशील.' अक्का, तू मोठी आहेस. मला घरातून हाकलण्याचा तुला अधिकार आहे, मी तुझ्या घरात राहत नसलो तरी आहे. पण मोटारीच्या कंडक्टरने तुला सांगितलेली बातमी साफ खोटी आहे. मी पडलो नाही. पडलो असतो तर पाय मोडलाच नसता. हे पटवायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

आमच्या गल्लीतले सुभेदार इमामसाहेब तुला आठवत असतील. लढाईत पलटणीबरोबर गेले आणि तिथे विमानातून छत्री घेऊन उडी मारणाऱ्यांत निवडले गेले. आता पेन्शनीत आले आहेत, मिशा मात्र अजून नोकरीतच आहेत. गेल्या दसऱ्यात त्यांनी तालमीच्या मागल्या पटांगणात हवाई उडीचा वर्ग काढला. मुंबईचे एक शेठ आपलं लहान विमान घेऊन कधीमधी इकडे येतात, त्यांच्याशी सुभेदारांनी ठरवलं की उजळाईवाडीच्या माळावर जाहीर उड्या करून दाखवायच्या. लढाईनंतर सरकारने डिस्पोजलच्या लिलावात काढलेल्या छत्र्या त्यांनी आणल्या. (त्यातली एक तपासायला घरी आणली तर लीलाने कापड दोन बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाली, "चांगलं हाय की. कुठं फाटलंबिटलं तर टाकून दिऊ नगासा." नवऱ्याची छत्री फाटावी अशी प्रार्थना करणारी बायको आपल्या घराण्यात ही पहिलीच.) कुस्ती सुटून मला काही वर्षं झाली. शाळेत पोरांना कवायत शिकवून शिकवून अंगातली रग जिरत नव्हती. मी पहिल्याच दिवशी नाव घातलं.

सुभेदारांची शिकवण्याची पद्धत आपल्या तालमीपेक्षा कडक आहे. ज्याची छत्री त्यानेच घडी घालायची, घालताना बोलायचं नाही, विडी नाही, आणि कुणी मध्ये 'काय पावणं' म्हणून हाक मारली तर सगळी घडी मोडून पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी माझी घडी शेजाऱ्याकडून पुरी करून घेतली. सुभेदारांनी ती उलगडून फेकली आणि विचारलं, "जेवताना घास बी त्योच चावतो काय तुझा?" विमानाच्या दाराशी आपली अक्कल चालत नाही, म्हणून ती खाली जमिनीवरच चालवून ठेवायची, असं ते सांगतात. वाऱ्याचा अंदाज मात्र त्यांचा पलटणीचा नाही, अगदी इथला आहे. माळाच्या खालच्या अंगाला गुऱ्हाळ आहे. चुलवाणाचा धूर सरळ वर गेला तर उडी, धूर उसावर आडवा झाला तर घरी. "धूर निजला की आपण बी निजायचं," हे त्यांचं वाक्य. वारा असताना उतरलं तर ऊस असतो, विहिरी असतात, आणि विहीर वरून फार लहान दिसते.

इथपर्यंत माझं आणि त्यांचं जमलं. बिघडलं ते जमिनीला टेकण्याच्या धड्यावर. सुभेदारांचं म्हणणं असं की छत्री माणसाला अलगद ठेवत नाही, भिंतीवरून उडी मारल्यासारखा आपटते. तेव्हा दोन्ही पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून यायचं आणि पाय टेकताच एका अंगावर पडून जायचं. पोटरी, मांडी, कूस आणि मग पाठ. सगळा दणका अंगभर वाटून टाकायचा. आता अक्का, तूच सांग. पाय जुळवून उभा राहिलेला पैलवान म्हणजे ढकलायला ठेवलेलं कपाट. आणि पाठ? ज्या तालमीत पाठ लागू नये म्हणून आयुष्यभर घाम गाळला, तिथल्याच मातीत आपल्या पायांनी चालत जाऊन, समोर कुणी जोडीदार नसताना, आपणहून पाठ टेकायची?

तरी पहिल्या दिवशी एकाने धीर केला. कट्ट्यावरून उडी मारली, अंगावर पडला, लोळला. ज्ञानू वस्ताद नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या दगडावर बसले होते. पोराची पाठ लागली आणि सत्तर वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून शब्द गेला, "चीत." बस्स. सगळी तालीम हसली. त्या दिवसापासून वर्गातला एकही गडी पडायला तयार होईना. सुभेदारांनी वर्ग माळावर नेला, चालत्या बैलगाडीतून उड्या मारायला लावल्या. वस्ताद दुसऱ्या बैलगाडीतून तिकडे हजर. काही बोलायचे नाहीत, नुसते पाहायचे. ते असले की आम्ही उभे, ते नसले की आम्ही आडवे. मी दिवस मावळताना, वस्ताद देवळात गेले की गवताच्या गंजीवरून इतक्या सुरेख पडत असे की सुभेदार म्हणाले, "आकाराम, पयली उडी तुझी." मीच पहिला का, हे तुला आता समजलं असेल. मी चांगला पडतो म्हणून.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी उडी ठरली. माळावर जत्रा लोटली. गाड्या जुंपून लोक आले, भजी तळली जात होती, शेठ टोपी घालून विमानापाशी उभे. आणि धूर निजला. अगदी उसाच्या शेंड्यांवर आडवा. सुभेदारांनी छत्र्या गाडीत भरायला सांगितल्या. लोक खवळले. "उडी मारतासा का धोंडं हानू," अशी भाषा झाली. शेठही कुरकुरले. सुभेदारांनी बैलगाडीवर चढून सगळ्यांना एकदाच सांगितलं, "उडी म्होरल्या रविवारी बी हुतीय. गडी विहिरीतनं काढला तर पुन्हा हुबा करता येत न्हाई." आणि गाडीवान उठायच्या आधी स्वतः कासरा धरून निघाले. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. लोकांपुढे मान खाली घालून जाणं मला कधी जमलेलं नाही. (आठवड्याने त्यांच्यासारखी मान मलाही असती तर बरं झालं असतं, पण ते पुढे.)

पुढच्या रविवारी धूर काठीसारखा सरळ. विमान वर गेलं. दार नव्हतंच, दाराची जागा होती. छत्रीची दोरी विमानाला अडकवलेली असते, आपण खाली गेलो की ती छत्रीला पिशवीतून ओढून काढते, आपण फक्त जायचं. सुभेदारांनी दोरी तपासली, माझ्या छातीवरचे पट्टे तपासले आणि कानात ओरडले, "पाय जुळीव, आणि पड." मी गेलो. दोरीने हिसका दिला, छत्री फडफडून उघडली आणि सगळं गप्प झालं. अक्का, त्या शांततेबद्दल मी तुला लिहिणार नाही, कारण तुझा तोडा लगेच येईल. एवढंच सांगतो की पंचगंगा सुंभासारखी दिसते आणि रंकाळा परातीएवढा. पाठ लागलेल्या पैलवानाला अस्मान दिसतं म्हणतात. मला अस्मानातून सगळा मुलूख दिसला.

मग जमीन मोठी व्हायला लागली. मी पाय जुळवले. गुडघे वाकवले. सगळं शिकवल्याप्रमाणे. आणि नेमकं खाली, माणसांच्या गोलाच्या मध्यभागी, पांढरा फेटा दिसला. वस्ताद हातांची घडी घालून वर बघत होते. मला तूही दिसलीस. तू तिथे नव्हतीस, पण दिसलीस. 'कुठल्या गड्याला पाठ लावू देनार न्हाई' ही शपथ तूच माझ्याकडून घेतली होतीस. माझे पाय आपोआप फाकले. मांड्या ताठ झाल्या. मी उभा उतरलो. चारी मुलुखांत कुणी उतरला नसेल असा खांबासारखा उभा, आणि उतरताच शड्डू ठोकला. शड्डूचा आवाज झाला त्याच वेळी घोट्यातूनही एक आवाज झाला. लोकांना वाटलं दोन शड्डू ठोकले.

पुढचं वर्णन करताना अजून घाम येतो. लोक नाचत होते. वस्तादांनी आपल्या डोक्यावरचा फेटा काढून माझ्या डोक्याला बांधला आणि म्हणाले, "आपल्या तालमीचा गडी आभाळातनं आला तरी पायावरच येतोय." आणि मी एका पायावर, बगळ्यासारखा, हसत. बसायची सोय नाही, कारण बसलो तर पडलो म्हणतील. विमान खाली उतरलं, सुभेदार धावत आले, त्यांनी माझा चेहरा पाहिला, माझा पाय पाहिला, आणि मला काखेत धरून अलगद एका कुशीवर निजवलं. पाठ लागू दिली नाही. तेवढी माणुसकी त्यांनी राखली. बाकीच्यांच्या उड्या त्यांनी तिथेच बंद केल्या.

प्लास्टर घातल्यावर ते घरी आले. लीलाने चहा दिला. ते म्हणाले, "वस्तादांनी तुला फेटा दिला. माझ्याकडनं विमानात जागा मिळणार न्हाई. तालमीच्या हौद्यात, वस्तादांच्या म्होरं, सगळ्या पोरांच्या म्होरं पडून दाखीव, पाठ मातीला लाव. मग ये." मी म्हणालो, ते होणे नाही. ते म्हणाले, मग उडीही होणे नाही. लीला म्हणाली, "दोघांचं बी बरोबर हाय," आणि छत्रीकडे बघितलं.

तेव्हा माझा जबाब लिहून घे आणि दाजींनाही वाचून दाखव. उडी मी सोडणार नाही. शेठचं विमान पाडव्याला पुन्हा येणार आहे, आणि त्यात मी असेन. तू तोंड पाहिलं नाहीस तरी असेन. मान वर करून बघितलंस तर पायाचे तळवे दिसतील, तेवढ्यावर समाधान मान. हौद्यातही मी पडणार नाही. ज्या मातीत ताक, हळद, लिंबू घालून आम्ही तिची सेवा केली, तिथे सुभेदारांच्या हुकमावरून मी लोळणार नाही. पाय माझा, घोटा माझा, पाठ माझी. शहाण्यासारखा वाग असं तू लिहितेस. शहाणपण काय ते गुऱ्हाळाच्या धुराला असू दे.

सुमनला आशीर्वाद. दाजींना नमस्कार. थोरांच्या पायांवर डोकं, माझा पाय कुणाच्या पायावर ठेवण्यासारखा नाही.

तुझा,
आकाराम

ता. क. चटणी संपली. दुसरी पाठवताना मीठ जरा बेताने.

ता. क. पत्र बंद करणार होतो, पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. तुझा धाकटा दीर कृष्णात दर आठवड्याला पैंजणं घेऊन कोल्हापूरच्या सराफांच्या पेढ्यांवर येतो, असं तुला वाटतं. पैंजणं तो पोचवतो, पण उरलेला वेळ सुभेदारांच्या वर्गात असतो. पाडव्याच्या उडीत माझ्यामागे त्याचं नाव आहे. काल तो मला मुद्दाम तालमीत घेऊन गेला. भिंतीवर चुन्याने लिहिलंय, 'आमच्या तालमीचा गडी पायावरच येतो.' कृष्णात त्या भिंतीवर चढला, पाय फाकून खाली उडी मारली, उभा राहिला, शड्डू ठोकला आणि म्हणाला, "बघा पावणं, थेट तुमच्यावानी." मग हसत हसत लंगडत गेला आणि लंगडणं माझ्यापासून लपवलं. ती भिंत पुरुषभर उंचीची आहे. विमानाची छत्री त्याला याहून जोरात आपटील आणि त्याला वाटतं आकारामचं तेवढं एक हाड गेलं, आपलं जाणार नाही. वर्गातले सगळे आता उभे उतरायचं म्हणतात. सुभेदारांचं कुणी ऐकत नाही. माझं ऐकतात, आणि मी सांगून भागणार नाही, पाहिलेलंच त्यांना पटतं. त्याला उडीपासून अडवू नकोस, तो चोरून मारील आणि चोरून मारणारा धूर बघत नाही.

म्हणून शिवरात्र झाली की प्लास्टर निघेल, त्यानंतरच्या रविवारी मी हौद्यात पडणार आहे. सुभेदारांनी बजावलंय, डाव्या अंगावर, खणलेल्या मऊ मातीत, उजव्या पायावर भार न देता. वस्ताद, भिंत, सगळी तालीम, सगळ्यांसमोर. वर लिहिलेला जबाब खोडत नाही, चांगला जमला आहे. फक्त दाजींना वाचून दाखवू नकोस.

आता खरं काम. त्या शपथेतून मला सोडव. सुभेदार म्हणतात, शपथ गड्याची आहे आणि जमीन काही गडी नाही. पण शपथ तू घेतलीस, सुभेदारांनी नाही. रविवारी पहिल्या मोटारीने ये आणि वस्तादांच्या शेजारच्या दगडावर बस. ते 'चीत' म्हणतील, म्हणू देत. पोरं हसतील तेव्हा त्यांना सांग की आकारामची पाठ याआधीही एकदा लागली होती, लहानपणी आपल्या अंगणात, गुळाच्या खड्यावरून भांडताना, आणि छातीवर तू बसली होतीस. शपथ तेव्हाचीच आहे. वस्तादांना ही कुस्ती ठाऊक नाही. तू तुझ्या तोंडाने सांगितलीस की मग पडल्याचं मला काही वाटणार नाही.