शिळं पाणी

आबा, तुमचा हौद आज पुन्हा भरला. तुम्ही गेल्यावर इतकी वर्षं त्यात सरपणच पडलेलं असायचं. पाणी भरलं, पण मासे आणायचा धीर होत न्हाई.

नव्वद सालच्या आसपास, शाळेतल्या नोकरीतून सुटल्यावर, परतूरच्या ह्या घरामागं जाईखाली तुम्ही तो बांधला अन् लाल मासे सोडले. नळ आला की ड्रम भरून उन्हात उघडा ठेवायचा, ब्लिचिंग पावडरीचा वास उडेपर्यंत. मंग त्यातलं थोडं हौदात, हौदातलं तेवढंच जुनं जाईला. मला त्या हिरव्या पाण्याची किळस यायची. एकदा हौद उपसून घासायलाच बसले, तर तुम्ही हातातला काथ्या हिसकावून घेतला. "अगं बाई, माणसाला ताजं लागतं, माशाला शिळं. त्या शेवाळात त्यांचा जीव हाय. लख्ख केलास की मेले समज." शिळं म्हणजे फेकायचं, एवढंच मला आईनं शिकवलेलं. फार राग आला होता तुमचा. दवाखान्यातही शेवटी तेच: "माझे मासे सांभाळ. ताजं पाणी सोडू नको." माझ्याबद्दल एक शब्द न्हाई, आबा.

तुमचं मयत उचललं अन् रिवाजाप्रमाणे घरातलं पाणी सांडायला घेतलं. मी आत भिंतीला टेकून बसलेली, कशाचीच शुद्ध न्हाई. आत्यानं माठ, रांजण, ड्रम पालथे केले, मंग हौदाकडं वळली. भावाच्या घरात मयताचं शिळं पाणी कशाला ठेवायचं? मासे तिनं जपून घमेल्यात काढले, हौद काथ्यानं घासून पांढरा केला, नळाचं ताजं पाणी भरलं, मासे परत सोडले.

सकाळी सगळे उलटे तरंगत होते. पावडरीचा वास पार ओसरीपर्यंत. आत्यानं काठावर बसून हंबरडा फोडला, "मुक्या जिवांना बी कळलं गं! धनी गेला, तेबी मागं गेले." मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिचे हात दिसले. घासून घासून सोललेले.

मंग ती गोष्ट तिनं नात्यागोत्यात, लग्नाकार्यात, जिथं तिथं सांगितली. बायका डोळ्याला पदर लावायच्या अन् मी शेजारी बसून मान हलवायचे. मागच्या महिन्यात आत्याही गेली. आता खरं कुणाला सांगायचं, म्हणून तुम्हाला लिहून राह्यले. हा कागद काही टपालाच्या पेटीत पडायचा न्हाई.

पण एक सांगते आबा. ती सांगायची तेव्हा मी तिच्यासाठी गप्प बसायचे, असं समजू नका. तुमच्या मागं कुणीतरी गेलं, हे ऐकून मलाच बरं वाटायचं.