जमुनेची वेणी

दर्यापूर, ६ ऑगस्ट २०२४

ती. शकुनताईस सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हा कागद. न्हाणीत घसरून जमुनेचा उजवा हात मोडला, हे तुला ठाऊकच आहे. सहा आठवडे प्लास्टर. आता पुढचं ऐक. आपला विपुल, चौदा वर्षांचा घोडा, रोज सकाळी घरापुढच्या ओट्यावर बसून आईची वेणी घालतो. काल शेजारच्या खुशालरावांनी ते पाहिलं आणि भर पारावर मला विचारलं, की देवीदास, पोराले लेडीज पार्लर टाकून देतं का? सगळे हसले. मीही हसलो. विपुल मागेच उभा होता. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

उद्याच्या बसने त्याला तुझ्याकडे पाठवतोय. शाळा बुडाली तर बुडो. भाऊजींनी त्याला तालमीत घालावं, जरा मर्द होऊ दे.

रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझा,
देवीदास

अकोला, १२ ऑगस्ट २०२४

चि. देवीदास यास अ. उ. आ.

विपुल पोचला. तुझे भाऊजी सध्या सोफ्यावर आडवे होऊन कुस्त्या बघतात. त्यातून मर्दपणा लागत असेल तर पोराला लागेलच. जेवतो, पण गप्प असतो. काल एवढंच विचारलं, की आत्या, आईचे केस आता कोण विंचरून राहिलं?

अरे, दर पोळ्याला तू बैलांच्या तोंडावर बांधायच्या दोरीच्या म्होरक्या तीन पेडांनी विणतोस, गोंडे लावतोस, शिंगं रंगवतोस. गाव वाहवा करतं. तेव्हा तुझ्या मर्दपणाला खरचटत नाही. मग बायकोच्याच केसांना काय काटे आहेत?

खुशालराव हसले ते परके. तू हसलास, ते त्याला लागलं.

अक्कल आली की कळव. तोवर लोभ आहेच.

तुझी,
शकुनताई

दर्यापूर, १८ ऑगस्ट २०२४

ती. शकुनताईस सा. न. वि. वि.

जमुनेने तुझं पत्र माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. दोनदा. विपुल गेल्यापासून तिचे केस तसेच होते. परवा मी फणी घेतली, म्हटलं आत बसू. ती म्हणाली, उजेड ओट्यावर आहे. म्होरकी ओढतो तसे पेड ओढले, तर ओरडली, की मी काय जू वाहून राहिली का? तेवढ्यात खुशालराव आले, थांबले. मीच विचारलं, की भाऊ, सैल कशी धराची, येते का तुमाले? ते पाराकडे चालू लागले.

विपुलला वाचून दाखव: त्या दिवशी मी हसलो, ते चुकलं. काल पारावरही सांगितलं. रविवारी, पंचवीस तारखेला, त्याला घ्यायला येतो. वेणी अजून वाकडीच होते.

तुझा,
देवीदास

अकोला, २१ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस शि. सा. न.

आधी खालचा गुंता सोडवा, मग वर जा. मुळाशी केस बोटांत धरले की आईला दुखत नाही.

रविवारी मी पिशवी भरून बसतो. आईची वेणी घालूनच निघा. एक बस चुकली तरी चालेल.

तुमचा,
विपुल